आधी अकीक, मग ओपल

रोमन लेखक प्लिनी याने इ.स. 77च्या सुमारास लिहिलेल्या ज्ञानकोशात ओपल या रत्नाची एकमेव जन्मभूमी म्हणून भारताचे नाव घातले आहे. तिथेच नोनियस नावाच्या सिनेटरची गोष्ट येते. त्याच्या अंगठीतल्या ओपलवर मार्क अँटनीचा डोळा होता. नोनियसने घरदार सोडून परागंदा होणे पत्करले, अंगठी मात्र सोबत नेली. प्लिनीची भारताबद्दलची माहिती बहुधा ऐकीव होती, कारण रोमला मिळणारा ओपल आजच्या स्लोव्हाकियातील डोंगरांतून येत असावा, असे अभ्यासक मानतात. मात्र दख्खनचा दगड रोमन बाजारासाठी जात होता, हे खरे. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्याच्या गाड्या भरून अकीकच्या जातीचा दगड बंदरावर येतो, असे त्यात नोंदवले आहे. तेर म्हणजे तेव्हाच्या तगरहून येई ते कापड.

आज त्याच पैठणपासून तासाभराच्या अंतरावर, छत्रपती संभाजीनगरात, एखाद्याला दगड घासून चमकवण्याचा छंद लागला तर त्याला भुरळ पडते ती ओपलची. मोबाइलवर कुणीतरी मातकट खडा चाकावर धरतो, पाणी उडते आणि दोन मिनिटांत आतून हिरव्या-केशरी ज्वाळा दिसू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, हे आपल्यालाही जमेल. जमेलही, पण हाताखालचा पहिला दगड म्हणून ओपल घेणे चूक आहे. पहिला दगड मराठवाड्याच्या काळ्या खडकातला अकीक असावा, आणि तो कापायला शिकवणारे एखादे सार्वजनिक टेबल या शहरात असावे.

ओपलचे दुखणे त्याच्या घडणीत आहे. रासायनिक दृष्ट्या तो आणि अकीक भाऊभाऊ, कारण दोन्ही सिलिका. अकीकमध्ये सिलिकाचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. ओपलमध्ये स्फटिकरचनाच नसते, आणि वर पाणी अडकलेले असते. रत्न म्हणून वापरल्या जाणाऱ्या ओपलमध्ये ते वजनाच्या साधारण 6 ते 10 टक्के असते. त्यातल्या रंगांचे कोडे 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले. ओपलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे शिस्तीत थरावर थर रचलेले असतात, व्यासाने मिलिमीटरच्या सुमारे दीड ते तीन दशसहस्रांश. त्यांच्यामधल्या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा रंग दिसतो, मोठे असतील तर लालही. ज्या ओपलमध्ये गोळ्यांची रचना विस्कटलेली, त्यात रंगांचा खेळ नाही. खाणकामगार अशा ओपलला ‘पॉच’ म्हणतात आणि बाजूला टाकतात.

अडचण अशी की कच्च्या ओपलमध्ये रंगाचा थर आणि पॉचचा थर बरेचदा एकाआड एक असतात. रंगाची पट्टी कधी एक मिलिमीटरही जाड नसते. कारागीर आधी खडा ओला करून उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवतो, पट्टी कोणत्या दिशेने गेली आहे ते शोधतो आणि तिला समांतर पाते लावतो. मग जाड दाण्याच्या हिऱ्याच्या चाकावर आकार, बारीक दाण्यावर घुमट, आणखी बारीक दाण्यावर ओरखडे काढणे आणि शेवटी नमद्यावर किंवा चामड्यावर सिरियम ऑक्साइडची जिल्हई. पैलू पाडण्याचा प्रश्न बहुधा येत नाही. ओपलला गुळगुळीत फुगीर माथाच शोभतो. नवशिक्याचा घात होतो तो आकार देतानाच. मोहच्या मापावर ओपल साडेपाच ते साडेसहा भरतो, म्हणून जाड दाण्याच्या चाकावर तो झरझर झिजतो. हात क्षणभर जास्त दाबला गेला की रंगाची पट्टी पाण्याबरोबर वाहून जाते आणि हाती उरतो पॉच.

दुसरा शत्रू उष्णता. आपल्याकडचे रत्नकारागीर खडा काडीवर चिकटवायला लाख वितळवतात. अकीकला त्याचे काही वाटत नाही. ओपल मात्र एकदम तापला तर तडकतो. म्हणून ओपल कापणारे बेताने गरम केलेली लाख किंवा थंड गोंद वापरतात. काही खाणींतला ओपल नुसत्या कोरड्या हवेतही पाणी गमावून पृष्ठभागावर जाळी धरतो. मे महिन्यात जिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि ओठ फुटतात, त्या गावात ही बारीकसारीक बाब नाही.

त्यात भारतात सहज मिळणारा ओपल बहुतेक इथिओपियाचा. तिथल्या वोलो प्रांतात 2008 साली मोठे साठे सापडले, आणि त्यातला पुष्कळसा कच्चा माल जयपूरच्या कारागिरांकडे कापायला येऊ लागला. दिसायला तो देखणा, ऑस्ट्रेलियाच्या मालापेक्षा स्वस्त. पण पाणी पितो. पाण्यात राहिला की काचेसारखा पारदर्शक होतो, रंग दिसेनासे होतात आणि ते परत यायला खडा पुरता वाळावा लागतो. म्हणजे पाण्याखाली कापताना कापणाऱ्याला रंग कुठे आहे तेच कळत नाही. अनुभवी माणूस अंदाजाने काम करतो. नवख्याला अंदाज कुठून येणार?

सराफ्यात ओपलला मागणी आहे ती मुख्यतः शुक्राचा खडा म्हणून, हिऱ्याला पर्याय म्हणून. तो वजनावर विकला जातो, त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ ओपलांचे पोट गरजेपेक्षा जाड ठेवलेले असते. शिवाय नकली माल. काचेचे ओपल इतके हुबेहूब बनतात की ओळखणे कठीण, अशी तक्रार प्लिनीनेच केली होती. 1970च्या दशकात फ्रान्समधल्या पिएर जिल्सन यांनी प्रयोगशाळेत ओपल बनवून दाखवला. आता ‘ओपलाइट’ नावाने दुधी काचही सर्रास खपते. स्वतःच्या हाताने दगड घासलेल्या माणसाला अशा बाजारात फसवणे अवघड जाते. छंदाचा हा एक रोकडा फायदा, आणि तो अकीक घासूनही मिळतो.

अकीक मराठवाड्याला बाहेरून आणावा लागत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून सिलिका मिसळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर साचत अकीक, गारगोटी, कॅल्सेडोनी तयार झाले. क्वचित बिनरंगी साधा ओपलही. वेरूळचे कैलास लेणे ज्या खडकात कोरले, तो हाच काळा पाषाण. खडक झिजतो, आतला अकीक झिजत नाही. तो ओढ्यानाल्यांत, गोदावरीच्या वाळूत, नांगरलेल्या शेतात वर येतो आणि शेतकरी त्याला गारगोटी म्हणून बांधावर फेकतो.

या फेकलेल्या दगडाचे मोल सातवाहनांच्या काळातल्या कारागिरांनी ओळखले होते. पैठण, तेर आणि जालना जिल्ह्यातले भोकरदन, तिन्ही ठिकाणी जुन्या वस्तीच्या थरांत अकीक आणि तांबड्या कार्नेलियनचे मणी मिळाले आहेत. भोकरदनचे उत्खनन 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचे साम्य पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी आहे, म्हणून तिची चर्चा झाली. मणी मात्र संग्रहालयाच्या पेटीतच राहिले. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी 1949 साली डेक्कन कॉलेजतर्फे भारतातल्या नक्षीदार मण्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कार्नेलियनवर क्षाराने रेघा ओढून तो भाजला की पांढरी नक्षी कायमची उमटते, ते हे मणी.

ही विद्या मेलेली नाही. ती गुजरातेत खंभातला उरली आहे. मार्क केनॉयर, मास्सिमो विदाले आणि कुलदीप भान या संशोधकांनी तिथल्या कारखान्यांचा बारकाईने अभ्यास केला, कारण हडप्पाचे मणी कसे बनले असतील याचा सुगावा त्यांना जिवंत कारागिरांच्या हातांत दिसला. रतनपूरचा दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून भाजतात. आतले लोह तांबडे होते आणि फिकट दगड लालबुंद निघतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारली की हवा तेवढाच कपचा उडतो. भोक पाडायला हिऱ्याच्या कण्या बसवलेला सामता. ज्या आगीने ओपल फुटतो, तिनेच अकीकला रंग चढतो, आणि नवशिक्याला चुका करायला वाव मिळतो.

खंभातची दुसरी बाजू न सांगता छंदाची जाहिरात करणे बरे नाही. तिथे कोरड्या चाकावर अकीक घासणाऱ्या कित्येक कारागिरांना सिलिकोसिस जडला. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथे व्रण होतात आणि ते भरून येत नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने याचा अभ्यास केला आहे. घरगुती ग्राइंडर घेऊन गच्चीवर दगड घासायला बसणाऱ्याने हे आधी वाचावे. दगड नेहमी पाण्याखालीच घासायचा, चांगल्या प्रतीचा मास्क लावायचा, गाळ सुकण्याआधी पुसून घ्यायचा आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत करायचे नाही. सामायिक कार्यशाळेची गरज इथेच पटते. पाण्याची सोय आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था एकट्यादुकट्याला परवडत नाही, दहा जणांना परवडते. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटनमध्ये हौशी दगडकाप्यांची मंडळे अशीच चालतात. यंत्रे मंडळाची, दगड आपापला.

छत्रपती संभाजीनगरला तर अशा मंडळासाठी लागणारे हात आयते आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत रोज हजारो माणसे ग्राइंडिंग आणि लॅपिंग करतात. कूलंट का सोडायचे, हिऱ्याचे चाक कधी बुजते, मायक्रॉनचा फरक बोटाला कसा कळतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमने घडवलेला कारागीर दगडाचा घुमट शिकायला फार वेळ घेणार नाही. विद्यापीठात इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे, पैठणला शासकीय संग्रहालय आहे, तेरला लामतुरे संग्रहालय आहे. मणी त्यांच्याकडे, यंत्रांची जाण कारखान्यांकडे, दगड नाल्यात. या तिघांची एकमेकांशी ओळख मात्र नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, अकीक स्वस्त आहे, त्यात कमाई नाही. छंदासाठी हेच तर सोयीचे! बिघडला तर ओढ्यात दुसरा आहे. शिवाय पैठणी, हिमरू आणि बिदरी यांच्या जोरावर पर्यटकांना बोलावणाऱ्या शहराने मण्यांना त्या यादीत जागा द्यायला हरकत नाही. आज अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते झिओलाइटचे स्फटिक आणि फोडलेल्या गारगोट्या विकतात. झिओलाइट मऊ, ते कापायचे नसतातच. पण स्थानिक हातांनी घडवलेला अकीकचा मणी तिथे विकला गेला तर पर्यटक काहीतरी इथलेच घेऊन जाईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दगडाचा छंद लागला की लोक पैठणच्या पांढरीच्या टेकाडांवर मणी वेचायला जातील. हे टाळलेच पाहिजे. 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू पुरावस्तू ठरते आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. टेकाडावरून उचललेला मणी कोणत्या थरातला, हे पुन्हा कधीच कळत नाही. लेण्यांच्या परिसरातला आणि लोणार सरोवराच्या काठचा दगडही जागीच राहिला पाहिजे. म्हणून कार्यशाळेच्या पहिल्याच तासाला, चाक सुरू करण्याआधी, कोणता दगड उचलायचा आणि कोणता नाही हे पुरातत्त्वाच्या माणसाने समोर बसून सांगावे.

सुरुवातीला फार काही लागणार नाही. पाण्यावर चालणारे एक लहान पाते, वेगवेगळ्या दाण्यांची चार-पाच चाके, नमदा, सिरियम ऑक्साइड आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देणारा एखादा निवृत्त टूलरूम कारागीर. विद्यापीठाने जागा द्यावी, औद्योगिक संघटनांनी यंत्रे द्यावीत, संग्रहालयांनी आपल्या मण्यांची छायाचित्रे भिंतीवर लावू द्यावीत. ओरखडा न राहता पाच अकीक ज्याच्या हातून निघतील, त्याने सहावा दगड म्हणून खुशाल इथिओपियाचा ओपल आणावा. फक्त तो उन्हाळ्यात आणू नये.