भूत कुठंय?

गेमचा विषय निघाला की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं?’ अशा वातावरणात जुनाट दिसणाऱ्या जपानी हॉरर गेम्सची बाजू घ्यायची म्हणजे धाडसच! पण घेते.

जपानमध्ये ‘चिलाज आर्ट’ या नावाने दोन भाऊ असे गेम्स बनवतात. २०१९ मध्ये ‘अका मान्तो’, २०२० मध्ये ‘द कन्व्हिनियन्स स्टोअर’, २०२२ मध्ये ‘द क्लोजिंग शिफ्ट’... यादी बरीच मोठी आहे. रूप मात्र नव्वदच्या दशकातलं. चौकोनी चेहरे, मळकट रंग आणि पडद्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटसारख्या मुंग्या.

हे रूप आलं कुठून, ते आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना तरी माहीत हवं. १९९४ साली जपानमध्ये पहिलं प्लेस्टेशन आलं तेव्हा त्यात मुख्य मेमरी होती फक्त २ एमबी! पॉलिगॉनची टोकं पडद्यावर पूर्णांकातच बसायची, म्हणून कॅमेरा हलला की भिंती थरथरायच्या. लांबचं सगळं एकदम दाखवणं मशीनला झेपायचं नाही, म्हणून १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये धुकं आणि अंधार आला. आणि नेमकं त्या धुक्यानेच लोकांची झोप उडवली! आज मशीनला काहीच अडचण नाही, तरी तेच थरथरणं मुद्दाम शेडर लिहून आणतात.

आता काही जण म्हणतील, ‘म्हणजे ही पळवाटच की! चांगलं मॉडेलिंग जमत नाही म्हणून रेट्रो.’ यात तथ्य नाही असं नाही. कॅसेटचा फिल्टर टाकला, दारामागून एक किंचाळणारं तोंड बाहेर काढलं की झाला हॉरर गेम, असेही पुष्कळ निघतात. माझं म्हणणं एवढंच की मनातल्या मनात फिल्टर काढून बघा. भीती उरली तर गेम खरा.

‘कन्व्हिनियन्स स्टोअर’मध्ये ती उरते. यात आपण असतो रात्रपाळीला दुकान सांभाळणारी कॉलेजची मुलगी. माल स्कॅन करायचा, पैसे घ्यायचे. जपानी दुकानांच्या रीतीप्रमाणे येईल त्याचं ‘इराश्शाइमासे’ म्हणजे ‘या, या’ म्हणून स्वागत करायचं. गिऱ्हाईक कितीही विचित्र असो, नाही म्हणायची सोय नाही. ‘क्लोजिंग शिफ्ट’मधली मुलगी कॉफी शॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे कॉफी बनवते आणि कुणीतरी तिच्या मागावर असतं. माणूस हं, भूत नाही!

गंमत म्हणजे हे गेम्स बघताना मुलं विचारतात, ‘अरे, पण भूत कुठंय?’ मुली विचारत नाहीत. रात्री लॅबमधून निघाल्यावर मागे पावलं वाजली तर चाल वाढवायची, पळायचं मात्र नाही, फोन कानाला लावून खोटंच बोलत राहायचं, हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. इतर गेम्समध्ये माझ्या हातात बंदूक असते, म्हणून मी निर्धास्त. इथे हातात बारकोड स्कॅनर! जी भीती आम्ही रोज घेऊन फिरतो ती हे गेम्स अर्धा-एक तास मुलांनाही घेऊन फिरायला लावतात. मला वाटतं, यासाठी तरी ते खेळावेत.

आपल्यापैकी कुणाला पुढे गेम बनवायचा असेल तर एक लक्षात ठेवा. केस, पाणी, सावल्या यांत दोघं-तिघं मिळून शेकडो माणसांच्या स्टुडिओला हरवू शकत नाहीत. पण माणसं नेमकी कशाला घाबरतात हे नीट बघायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आणि हो, टेस्टिंगला वर्गातल्या मुलींनाही बसवा. भूत कुठंय ते त्या बरोबर सांगतील.

पटलं तर ठीक, नाहीतर कॅन्टीनमध्ये भांडूच!