निरोगी मुलांच्या श्वासबळाची मोजदाद

रोगाचे निदान करू इच्छिणाऱ्याच्या हाती आरोग्याचे माप आधी असावे लागते, हे तत्त्व वैद्यकात सर्वमान्य असले, तरी मुलांच्या श्वसनस्नायूंच्या बाबतीत आपल्याकडे त्याची जितकी कदर व्हावयास हवी तितकी होत नाही.

या स्नायूंचे बळ मोजण्याची परीक्षा दिसावयास साधी आहे. नाकाला चिमटा लावून मुलाने मुखनळी ओठांत घट्ट धरावयाची, छातीतील हवा शक्य तितकी बाहेर सोडावयाची, आणि मग पुढून बंद केलेल्या त्या नळीतून सर्व शक्तीनिशी श्वास ओढावयाचा. उलटपक्षी, छाती पूर्ण भरून घेऊन जोराने फुंकले म्हणजे उच्छ्वासाच्या स्नायूंचे बळ कळते. नळीला सुमारे 2 मिलिमीटरचे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, कारण ते नसेल तर मूल केवळ गालांच्या जोरावर दाब उत्पन्न करील. परंतु सारी भिस्त मुलाच्या प्रयत्नावर असल्यामुळे, आकडा कमी आला तर स्नायू दुर्बल आहेत, की मुलाला सूचनाच उमगली नाही, हे ठरविण्यासाठी ‘ओढ, अजून ओढ!’ असे प्रोत्साहन देत तीच क्रिया पुनःपुन्हा करवून घ्यावी लागते.

तरीही ही परीक्षा मोलाची आहे, कारण ड्यूशेनसारख्या स्नायुक्षयाच्या विकारात फुप्फुसांची हवा सामावण्याची क्षमता फारशी घटलेली नसतानाच स्नायूंचे बळ ओसरू लागलेले असू शकते, आणि पुढे खोकून कफ बाहेर टाकण्याचीही ताकद उरत नाही. अशा मुलाचा आकडा ताडून पाहावयाचा तो कशाशी? निरोगी मुलांतही वय, लिंग आणि शरीरयष्टी यांनुसार हे बळ पुष्कळ भिन्न असते. 1984 साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली प्रमाणमूल्ये श्वेतवर्णीय प्रौढांची व मुलांची होती. ती आपल्या मुलांना जशीच्या तशी लागू पडतील, असे गृहीत धरणे शास्त्राला धरून नाही.

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी, महापालिका व जिल्हा परिषदांच्या शाळांना बरोबर घेऊन, पालकांची लेखी संमती आणि मुलांची राजीखुशी यांत तिळमात्र कसूर न करता, ठिकठिकाणच्या निरोगी मुलांची अशी नोंद दप्तरी करण्याची तजवीज करावी. पालकांनीही ‘आमचे मूल तर धडधाकट आहे, त्याला कशाला तपासता?’ असे म्हणून दार लावून घेऊ नये. ते धडधाकट आहे म्हणूनच त्याचे माप एखाद्या आजारी मुलाच्या उपयोगी पडणार आहे.