जादा वजनाचा हिशोब तिकीट काढतानाच

जुलै लागला की परदेशात शिकायला निघालेल्या मुलांची तिकिटे आपल्या टेबलावर येऊ लागतात. ही टेबले आता फक्त पुण्या-मुंबईत राहिलेली नाहीत. अकोला–वाशिम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावात ज्या दुकानात झेरॉक्स निघते, पीक विम्याचा अर्ज भरला जातो आणि रेल्वेचे आरक्षण होते, त्याच दुकानात विमानाचे तिकीटही निघते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. हा रस्ता मेडशीच्याच मालेगाव तालुक्यातून जातो, त्यामुळे नागपूरचे विमानतळ या भागाला जवळ आले. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमानही सुटते. विमानाने पहिल्यांदाच जाणारा प्रवासी आता खेड्यातून थेट येतो आणि त्याचा पहिला कडू अनुभव बहुतेक वेळा काट्यावरचा असतो: जादा सामानाचे पैसे.

मेडशीचा एक मुलगा अमेरिकेला निघाला आहे असे समजू. मुंबईहून पुढच्या तिकिटावर त्याला २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो सामान मोफत आहे. नागपूर–मुंबईचे तिकीट मात्र वेगळे काढले, कारण तसे स्वस्त पडले. त्यावर मोफत सामान १५ किलो. घरच्यांनी ४६ किलोच्या हिशोबाने बॅगा भरल्या: कुरडया, सरगुंडे, शेवया, तुरीची डाळ, जवसाची चटणी, वर्षभराचा मसाला, लोणच्याची बरणी, प्रेशर कुकर, गरम कपडे, पुस्तके. नागपूरच्या काउंटरवर ३१ किलो जादा निघाले. देशांतर्गत प्रवासात ऐनवेळी किलोमागे पाचशे ते सातशे रुपये घेतले जातात. सहाशे धरले तरी १८,६०० रुपये होतात. एवढ्यात नागपूर–मुंबईची दोन-तीन तिकिटे एरवी सहज येतात. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत घालता येत नाही, कारण सुरक्षा तपासणीत ती अडते. मग रांगेतल्या सगळ्यांसमोर जमिनीवर बॅग उघडायची आणि काय ठेवायचे, काय परत पाठवायचे हे त्या मुलाने पाच मिनिटांत ठरवायचे. सोडायला आलेले कोणी बाहेर थांबलेले असेल तर निदान परत पाठवायची सोय तरी असते.

हे शुल्क न्याय्य आहे का, असा प्रश्न प्रवासी आपल्याला विचारतो. व्यवसायातल्या माणसाने त्याचे उत्तर ‘कंपनीचा नियम आहे’ एवढ्यावर सोडू नये, असे आम्हाला वाटते.

सामानाचे वेगळे पैसे घेणे मुळात अन्यायाचे नाही. पुण्याला मुलाकडे एक पिशवी घेऊन जाणाऱ्या निवृत्त शिक्षकाने दुसऱ्याच्या चाळीस किलोंचा खर्च आपल्या भाड्यातून का सोसावा? विमानात वजन ही खरी गोष्ट आहे. उन्हाळ्यात तापलेल्या हवेत उड्डाण करताना, आणि एटीआरसारख्या लहान विमानात तर विशेषच, किती वजन घ्यायचे हे मोजून ठरवावे लागते. एक बॅग ३२ किलोपेक्षा जड नसावी हा नियम जगभर पाळला जातो, तो ती उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीसाठी. त्या नियमाबद्दल तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण स्पष्ट सांगितले पाहिजे की यात कंपनीचे बरोबर आहे.

प्रश्न दराचा आहे. विमानात ठेवलेल्या जादा वजनाच्या साधारण तीन-चार टक्के इंधन दर तासाला जास्त जळते, असा ढोबळ हिशोब मांडला जातो. नागपूर–मुंबईच्या दीड तासाच्या प्रवासात दहा किलोंसाठी हे अर्धा-पाऊण लिटर होते. विमानाचे इंधन लिटरला शंभर रुपये धरले तरी साठ-सत्तर रुपये. बॅग चढवणे, उतरवणे, पट्ट्यावर आणणे यांची मजुरी आणि यंत्रे त्यात धरा. सामानाच्या कप्प्यात त्याच जागी कंपनीला व्यापारी माल नेता आला असता, ते बुडालेले उत्पन्नही धरा. तरीसुद्धा दहा किलोंचे सहा हजार कसे होतात, याचा उलगडा होत नाही. विमानाने पाठवलेल्या मालाचा किलोचा दर जादा सामानाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो, हे कुरिअरचे काम करणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. विमान तेच, कप्पा तोच.

वजन तेवढेच राहते आणि दर बदलतो तो वेळेमुळे. तेच दहा किलो प्रवासाच्या आधी ऑनलाइन घेतले तर स्वस्त मिळतात, काउंटरवर महाग. थोडा फरक समजण्यासारखा आहे, कारण वजन आधी कळले तर कंपनीला आखणी करता येते. पण काउंटरवर उभ्या असलेल्या प्रवाशाला नाही म्हणण्याची सोयच उरलेली नसते. विमान तासाभरात सुटणार, घर दोनशे किलोमीटर मागे राहिलेले, पुढचे विमान मुंबईत ठरलेले. अशा वेळी सांगितलेला दर हा वजनाचा दर राहत नाही, ती अडवणूक होते. बाजार समितीत सोयाबीन आणणारा मेडशीचा शेतकरी हे पक्के ओळखतो. गाडी रिकामी झाल्यावर भाव पाडला तर तो भांडायला उभा राहतो. विमानतळावर तोच माणूस गप्प पैसे भरतो, कारण इथला कायदा काय सांगतो ते त्याला ठाऊक नसते.

कायद्याची बाजू आपण तरी जाणून घ्यावी. पूर्वी देशांतर्गत प्रवासात २० किलो मोफत असत, ते बहुतेक खासगी कंपन्यांनी १५ वर आणले. २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १५ ते २० किलो या टप्प्यासाठी किलोला १०० रुपयांची मर्यादा घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. असा दर ठरवून देण्याचा अधिकार महासंचालनालयाला नाही, हा त्या निकालाचा गाभा. कंपन्या घेतात तो दर वाजवी आहे असे न्यायालयाने म्हटले, हा समज आपल्या व्यवसायात पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. त्यानंतर लगेच दर वाढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसने फक्त हातातल्या बॅगेचे स्वस्त भाडे आणले, आणि मे २०२४ मध्ये एअर इंडियानेही आपल्या सर्वांत स्वस्त भाड्यावरचे मोफत सामान १५ किलोवर आणले. बाहेरच्या जगातही वारे याच दिशेने वाहत आहे. अमेरिकेत इंधन भडकले तेव्हा, २००८ मध्ये, मोठ्या कंपन्यांनी पहिल्या बॅगेचेही पैसे घ्यायला सुरुवात केली आणि पुढे इंधन उतरले तरी तो आकार गेला नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एक रेघ ओढली: चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घेता येतील, पण वाजवी वजनाची आणि मापाची हातातली बॅग हा प्रवासाचा अटळ भाग आहे, तिचे पैसे घेता येणार नाहीत. आपल्याकडे अशी रेघ स्पष्ट लिहिलेली असावी.

आपली रेल्वे या बाबतीत विमानापेक्षा जास्त न्यायाने वागते. स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०, साध्या दुसऱ्या वर्गाला ३५ किलो मोफत. त्यापुढचा दर छापलेला असतो आणि तो अंतराप्रमाणे वाढतो. देशांतर्गत विमानात मात्र नागपूरहून मुंबईला जा नाहीतर दिल्लीहून पोर्ट ब्लेअरला, किलोचा दर सहसा एकच. इंधन तर अंतराप्रमाणेच जळते. जवळच्या प्रवासाचा प्रवासी, म्हणजे नेमका आपल्या भागातून नागपूर किंवा अमरावतीमार्गे मुंबई गाठणारा, त्यात सर्वांत जास्त भरडला जातो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार खटकते. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली आणि तिची वेगळी किंमत आधी जाहीर केलेली नसेल, तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंतच. वर सांगितलेल्या मुलाने सामान नेण्याचे १८,६०० रुपये भरले आणि ते सगळे सामान हरवले, तरी भरपाईची मर्यादा तीच राहते. नेण्याचा दर किलोवर चढत जातो आणि हरवल्याची भरपाई मात्र माणशी बांधलेली. जादा सामानाचे पैसे घेतले तर त्या सामानाची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली. या कायद्याखालच्या नियमांत काउंटरचा दर आधी घेतलेल्या दराच्या अमुक पटीपेक्षा जास्त नसावा आणि तो अंतराशी बांधलेला असावा, एवढे दोन शब्द जरी आले तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी आपल्या संघटनांनी मंत्रालयाकडे लेखी मागणी करावी. किलोला शंभर रुपयांसारखा सरसकट आकडा पुन्हा मागू नये. तो एकदा न्यायालयात पडला आहे आणि महागाईपुढे तो टिकतही नाही.

नियम होतील तेव्हा होतील. मेडशीच्या मुलाचे १८,६०० रुपये वाचवणे मात्र आजही आपल्या हातात होते. नागपूर–मुंबई आणि मुंबई–अमेरिका एकाच तिकिटावर काढले असते तर बहुतेक वेळा पुढच्या प्रवासाची सामानाची सवलत नागपूरपासूनच लागू झाली असती. तिकीट दोन-तीन हजारांनी महाग दिसले असते आणि एकूण प्रवास पंधरा हजारांनी स्वस्त पडला असता. गिऱ्हाईक स्क्रीनवर सर्वांत वरचे, सर्वांत स्वस्त भाडे मागते हे खरे. पण त्या भाड्यात किलो किती आहेत हे सांगणे हे आपले काम आहे आणि आपल्यापैकी पुष्कळजण ते करत नाहीत. बोटाने दाखवलेले भाडे काढून कमिशन घेणे म्हणजे तिकीट विकणे झाले. प्रवाशाला सल्ला देणे हे त्याच्या पलीकडचे काम आहे, आणि आज मोबाइलवर कोणीही तिकीट काढू शकत असताना लोक आपल्याकडे येतात ते त्या सल्ल्यासाठीच.

तिकिटाच्या प्रतीवर किलोचा आकडा इंग्रजीत, बारीक अक्षरात असतो. तो मराठीत मोठ्या अक्षरात हाताने लिहून द्या: चेक-इन इतके, हातातली बॅग इतकी, प्रत्येक टप्प्याला वेगळे. घरातले चौघे निघाले असतील तर एकाच पीएनआरवर तिकीट काढा. बहुतेक कंपन्या एका पीएनआरवरच्या सगळ्यांचे वजन एकत्र धरतात, वेगवेगळ्या पीएनआरवर नाही. विद्यार्थी आणि सैनिकांसाठी जादा किलोंची भाडी असतात. ती मागितल्याशिवाय दिसत नाहीत आणि काउंटरवर ओळखपत्र दाखवावे लागते, हे आधी सांगा. उमराहला निघालेल्यांना परतीच्या सामानाचे आणि जमजमच्या पाण्याचे नियम त्या त्या कंपनीप्रमाणे समजावून द्या. जादा किलो लागणारच असतील तर ते प्रवासाच्या आधीच घेऊन टाका.

गावात वजनाची सोय असते. कृषी केंद्रात, भुसार दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो. भरलेली बॅग त्यावर एकदा ठेवून पाहायला प्रवाशाला सांगा आणि किलोभर कमीच भरायला सांगा. विमानतळावरच्या काट्याबद्दल शंका आली तर त्यावरचा वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का पाहण्याचा आणि दुसऱ्या काट्यावर वजन करून मागण्याचा आग्रह प्रवाशाने धरावा. पैसे घेण्यासाठी वापरला जाणारा काटा पडताळलेला असलाच पाहिजे, मग तो किराणा दुकानातला असो की विमानतळावरचा.

आणि पावती. जादा सामानाचे पैसे भरले की पावती घेऊन जपून ठेवायला सांगा. दर चुकीचा लावला असेल तर कंपनीकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. ती आपण भरून द्यावी, फुकट द्यावी. या पावत्यांच्या प्रती प्रवाशाचे नाव आणि फोन झाकून आमच्याकडेही पाठवा. कोणत्या मार्गावर किलोला किती घेतले, आधी घेतले असते तर किती पडले असते आणि मूळ तिकीट कितीचे होते, एवढे तीन आकडे सोबत लिहा. मंत्रालयाकडे जायचे ते हातात आकडे घेऊन जाऊ, आणि त्यात वाशिम जिल्ह्याच्या पावत्या भरपूर असाव्यात अशी आमची इच्छा आहे.