जललाभ योग

चौतीस वर्षे मी बँकेत काढली. दुसऱ्यांच्या खात्यांचा ताळा जमवता जमवता माझे केस गेले आणि चष्म्याचा नंबर वाढला; पण समोर कागद आला आणि मला वाचता आला नाही, असे कधी घडले नव्हते. म्हणूनच निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभेत "हिशेबाचं काकांकडे द्या" असा ठराव एकमताने झाला, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. ते पाण्याचे बिल येईपर्यंत टिकले.

बिल नेहमीच्या तिप्पट होते. आमच्या बारा बिऱ्हाडांना तीन महिन्यांत ४९० युनिटच्या आसपास पाणी लागते. या खेपेला आकडा होता १,४७०. मी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

आता हे बिल कसे असते ते सांगितले पाहिजे. तुम्हीही ते भरत असाल, पण वाचले नसेल याची मला खात्री आहे. वर 'सदर देयक' अशी सुरुवात. मग 'मागील वाचन' आणि 'चालू वाचन'. वाचन म्हटल्यावर मला आधी ग्रंथालयच आठवले. त्याखाली 'जल आकार', 'मलनिःसारण आकार', 'थकबाकी', 'समायोजन', 'संकीर्ण'. हे सगळे मुंगीने शाईत पाय बुडवून लिहावे अशा टाइपात. फक्त एक गोष्ट ठळक आणि मोठी : एकूण देय रक्कम. म्हणजे किती द्यायचे ते आंधळ्यालाही दिसावे आणि कशाबद्दल द्यायचे ते डोळसालाही दिसू नये, असा एकंदर बेत.

घरपट्टीच्या बिलाची तऱ्हा आणखी न्यारी. त्यात मी पहिल्यांदा 'जललाभ कर' वाचला, तेव्हा मला वाटले, राशिभविष्याचेच पान हाती आले. धनलाभ, पुत्रलाभ, तसा जललाभ! पुढे कळले की मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात या नावाचा करच आहे आणि तो आपण प्यायलेल्या पाण्याचा नसून धरणे, जलवाहिन्या असली मोठी कामे उभारण्यासाठी आणि चालवण्यासाठी आहे. कारण चांगले आहे हो! मग ते कारण बिलावर एका ओळीत छापायला काय हरकत होती?

असो. तिप्पट बिल घेऊन मी कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी बिल पाहिले, मला पाहिले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "आजोबा, बिल भरायचं असतं, वाचायचं नसतं."

हे वाक्य त्यांनी थट्टेत म्हटले असेल. माझे भांडण त्या गृहस्थांशी नाही. त्यांनी पुढे मला बसायला खुर्ची दिली. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. कारण आपल्याकडे पाण्याचा कारभार याच वाक्यावर चालला आहे, आणि ते वाक्य आपण सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केले आहे.

खुर्चीवर बसून मी जे शिकलो, ते असे. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. मीटरवरचे काळे आकडे पूर्ण युनिटांचे, लाल आकडे त्याखालच्या लिटरांचे. चालू वाचनातून मागील वाचन वजा केले की वापर निघतो. इयत्ता तिसरीचे गणित. मलनिःसारण आकाराचे इंगित तर त्याहून सोपे. आत येणाऱ्या पाण्याला मीटर लावता येतो. बाहेर जाणाऱ्याला लावायची हिंमत कोण करणार, आणि लावला तरी त्याचे 'वाचन' करायला कोण वाकणार? म्हणून पाण्याच्या आकाराचा ठरावीक हिस्सा सांडपाण्यासाठी लावतात. मुंबईत घरगुती वापराला तो ७० टक्के लागतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांना हा सरळ दरोडा वाटत असे. "मी कुंड्यांना पाणी घालतो, ते कुठं गटारात जातं?" पण केंद्र सरकारच्या अभियंत्यांनी हिशेब मांडून ठेवला आहे, की घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. अण्णांच्या चार कुंड्या उरलेल्या वीस टक्क्यांत आरामात बसतात.

तेव्हा आकार चूक नव्हता. गणितही चूक नव्हते. मग तिप्पट कसे? तर बिलाच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर होते. मागच्या दोन बिलांवर 'ए', या बिलावर 'आर'. 'ए' म्हणजे सरासरी. आमचा मीटर ज्या खड्ड्यात आहे, त्यात पाणी साचले होते. पाण्याचा मीटर पाण्यामुळे वाचता आला नाही. म्हणून सहा महिने अंदाजाने ४९०-४९० लावले. सातव्या महिन्यात खड्डा उपसला, नवव्या महिन्यात खरे वाचन झाले आणि मागची सगळी शिल्लक एकदम अंगावर आली.

मी तिथेच बिलाच्या पाठीवर हिशेब केला. नऊ महिन्यांत २,४५० युनिट, म्हणजे २४ लाख ५० हजार लिटर. आमच्या इमारतीत लहानमोठी चाळीस डोकी. दिवस २७०. माणशी रोज २२७ लिटर! भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी सरकारी प्रमाण आहे माणशी रोज १३५ लिटर. आमचे नेहमीचे ४९० युनिटांचे बिल त्या हिशेबाने १३६ लिटरांचे होते. म्हणजे इतकी वर्षे आम्ही अगदी मर्यादशील गृहस्थांसारखे नांदत होतो आणि गेल्या नऊ महिन्यांत कुठे तरी घर फुटले होते.

ते कुठे फुटले ते होळीच्या उरलेल्या रंगाने शोधले. प्रत्येक संडासातल्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाकायचा आणि अर्धा तास पाणी सोडायचे नाही. खाली भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळते. सेक्रेटरी आणि मी रंगाची पुडी घेऊन दारोदार फिरलो. तळमजल्यावरच्या काकूंना वाटले, देवळाची वर्गणी आली; त्यांनी अकरा रुपये काढूनही ठेवले. बारा घरांत पाच ठिकाणी रंग उतरला.

नळ वाहिला तर माणूस धावत जाऊन बंद करतो. फ्लशची गळती दिसत नाही. मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे करंगळीएवढीही धार नव्हे. पण दिवसाचे होतात ७२० लिटर, नव्वद दिवसांचे जवळजवळ ६५ युनिट. नऊ महिने आणि पाच टाक्या धरून ९८० जादा युनिटांचा ताळा लागला. चौतीस वर्षांत इतका सुरेख ताळा जमला नव्हता आणि जमल्याचे इतके वाईट कधी वाटले नव्हते.

शेजारी म्हणाले, "जाऊ द्या काका, बारा घरांत वाटून टाका, माणशी कितीसे येतात!" पैशाचे मी वाटून टाकलेही असते. पण ९८० युनिट म्हणजे ९ लाख ८० हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर ९८ टँकर. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांत उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. आम्ही ९८ टँकर शुद्ध केलेले पाणी, कोणाची तहान न भागवता, थेट गटारात पोहोचते केले. वर त्याचा मलनिःसारण आकारही भरला. त्याबद्दल मात्र तक्रार नाही. ते पाणी खरोखरच गटारात गेले होते.

म्हणून माझे म्हणणे आहे, की न कळणारे बिल ही नुसती गैरसोय नव्हे, ती उधळपट्टी आहे. पहिल्याच तिमाहीत वाचन खरे झाले असते आणि 'माणशी रोज २२७ लिटर, गेल्या वर्षी १३६' एवढी एक ओळ बिलावर असती, तर आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनीही विचारले असते, "अगंबाई, हे काय?" इमारतीत माणसे किती ते महापालिकेने आम्हाला विचारावे, आम्ही सांगू. वाचन खरे की अंदाजी, ते अक्षरात न लपवता मराठीत छापावे. मलनिःसारणाचे पैसे घेता, तर आमचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते आणि त्यातले किती शुद्ध होऊन बाहेर पडते, तेही लिहावे. देय रक्कम छापायची शाई थोडी कमी केली तर या तीन ओळींना पुरेल. आणि 'यंत्रावर तसं बसत नाही' हे मला सांगू नका. जे यंत्र 'संकीर्ण' छापू शकते, त्याला काहीही अशक्य नाही.

नागरिकाने बिल भरावे हे कर्तव्य आहे. ते वाचता यावे हा हक्क आहे. आणि वाचता येईल तेव्हाही आपण वाचले नाही, तर मात्र खिडकीतल्या त्या गृहस्थांचे वाक्य आपणच खरे केले म्हणायचे.

हे सगळे मी परवा रात्री घरी मोठ्या आवाजात वाचून दाखवले. पत्नीने शेवटपर्यंत ऐकले. मग एक गोष्ट मी लेखातून गाळली आहे, याची तिने आठवण करून दिली. रंग उतरलेल्या पाच टाक्यांत एक आमची होती.

"बिल कळेल असं लिहावं, हे तुमचं अगदी बरोबर," ती म्हणाली. "पण अहो, रात्री फ्लशचा सूं सूं आवाज येतो, हे मी नऊ महिने तुम्हाला मराठीतच सांगत होते."