अर्धी नोंद, पूर्ण घात

विमान पायलट चालवितो. पण ते सुरक्षित राहते जमिनीवरच्या नोंदवहीमुळे. उड्डाणात आढळलेला बिघाड पायलटने वहीत लिहावा आणि मेकॅनिकने तो वाचून दुरुस्ती करावी, असा नियम आहे.

२८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातील लायन एअरचे विमान बालीहून जकार्ताला निघाले. वाटेत त्याचे नाक आपोआप खाली जात होते, पायलटच्या हातातला दांडा थरथरत होता. शेपटीकडील विजेची यंत्रणा बंद करून पायलटांनी ते कसेबसे उतरविले. वहीत मात्र वेग व उंचीच्या आकड्यांतील तफावत नोंदली. दांड्याचे थरथरणे व यंत्रणा बंद केल्याचे राहून गेले. मेकॅनिकांनी लिहिले तेवढेच पाहिले. सकाळी तेच विमान समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली.

दोष एकट्या पायलटचा नाही. नाक खाली ढकलणारी नवी यंत्रणा बसविल्याचे बोइंग कंपनीने पायलटांच्या पुस्तिकेत सांगितलेच नव्हते. नोव्हेंबरात अमेरिकन पायलटांच्या संघटनेने कंपनीच्या अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारला. तरी विमाने उडतच राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात तशाच विमानाने १५७ बळी घेतले.

आधी दुःख मान्य करा, मग त्याचे कारण शोधा, ही तथागतांची शिकवण. कारखाना असो वा बसडेपो, बिघाड पूर्ण लिहा, तारीख घाला, नक्कल जवळ ठेवा. आणि लिहिणाऱ्यावर साहेब डोळे वटारू लागला, तर युनियनने त्या कामगाराच्या पाठीशी उभे राहावे.

जय भीम!