घोडा कोणाचा?

१७०७ साली औरंगजेब मरण पावला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि मराठी राज्यात यादवी सुरू झाली. तिची चर्चा बहुधा वारसाहक्काच्या अंगाने होते: गादी शाहूंची, की ताराबाईंच्या पुत्राची? परंतु तिचा निकाल शास्त्रार्थाने लागला नाही. तो घोडदळाने लावला. म्हणून खरा प्रश्न असा, की ते घोडदळ कोणाचे होते?

शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत पागेतील घोडा सरकारचा असे. २५ बारगिरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी आणि सर्वांवर सरनोबत. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदारही सरनोबताच्याच हुकमतीत. वेतन रोख, जहागीर नाही. अधिकारी बदलला तरी फौज राज्याचीच राही.

औरंगजेबाच्या स्वारीने ही घडी मोडली. राजाराम महाराज जिंजीत असताना खजिना रिता होता आणि शत्रू मनसबींचे आमिष दाखवीत होता. वतने देऊन सरदार राखणे भाग पडले. त्या तडजोडीने राज्य तगले, हे नाकारता येत नाही. पण घोडा सरदाराचा झाला आणि घोड्याबरोबर स्वारही.

त्याची किंमत यादवीत मोजावी लागली. ताराबाईंनी शाहूंवर धाडलेले सेनापती धनाजी जाधव हे सिंदखेडच्या जाधव घराण्यातले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या रणांगणावर ते शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. त्यांच्यामागून सेनापतिपद पुत्र चंद्रसेन यांस मिळाले. १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बिनसताच चंद्रसेन ताराबाईंकडे व पुढे निजामाकडे गेले. शाहूंना बाळाजींस ‘सेनाकर्ते’ नेमून नवी फौज उभारावी लागली. १७३१ मध्ये सेनापती त्र्यंबकराव दाभाडे डभईजवळ पेशव्यांशीच लढताना पडले. तरी पद गेले त्यांच्या अल्पवयीन बंधूंकडे! सेनापतिपद हे कर्तव्य उरले नव्हते. ते घराण्याची मिळकत झाले होते.

या घडामोडीत रयत कोठे होती? शाहू दक्षिणेत उतरताच त्यांना मिळालेल्या परसोजी भोसल्यांच्या घराण्याकडे वऱ्हाडची वसुली आली. पुढे याच वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली चालली. घाटाखालच्या काळ्या मातीत राबणाऱ्या कुणब्याच्या एकाच पिकावर दोन धन्यांचा हक्क! सरदार बाजू बदलू शकत होता. कुणब्याला बदलायला बाजूच नव्हती.

हा केवळ भूतकाळ नव्हे. आज घोड्याची जागा शिक्षणसंस्थेने, सूतगिरणीने, सहकारी बँकेने घेतली आहे. संस्था सभासदांच्या नावावर, लगाम मात्र एका घराण्याच्या हाती. नेता पक्ष बदलतो आणि अवघी पागा त्याच्यामागे जाते. अशा वेळी निष्ठेची प्रवचने व्यर्थ आहेत. वडनेर भोलजीसारख्या गावातील कार्यकर्त्याने नेत्याचा झेंडा पाहण्याआधी संस्थेचा हिशेब पाहावा, सभासदांची सभा भरवावी आणि निर्भयपणे विचारावे: घोडा कोणाचा?