मुहूर्ताची बाळंतपणे

गेल्या मार्गशीर्षात देवीच्या उत्सवासाठी आम्ही अंबाजोगाईस गेलो होतो. कोकणस्थांची कुलस्वामिनी कोकण सोडून बालाघाटाच्या डोंगरात का येऊन राहिली, याची आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला, वऱ्हाड निघाले, परंतु लग्नाची घटका वाटेतच टळली आणि देवी कुमारिकाच राहिली. टळलेल्या मुहूर्ताच्या या क्षेत्री आम्हांस मुहूर्ताचा एक नवाच प्रकार पाहावयास मिळाला.

आमच्याबरोबर नात्यातील एक वहिनी होत्या. त्यांच्या सूनबाईला आठवा महिना सरत आला होता. ओटी भरून झाल्यावर वहिनींनी पिशवीतून पंचांग काढले व उपाध्यायांपुढे ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, सिझेरियनसाठी एखादा चांगला दिवस काढून द्या. वेळही सकाळचीच असू द्या.” आम्ही चकित होऊन विचारले, “वहिनी, सूनबाईस काही त्रास आहे का?” “छे हो! प्रकृती अगदी उत्तम आहे. मूलही सरळ आहे. पण हल्ली सगळ्यांचे शेवटी तेच होते. मग आपणच नक्षत्र पाहून का करू नये?” गुरुजींनी जो दिवस काढला, तो डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या तब्बल अठरा दिवस आधीचा होता!

ज्योतिषावर आमचा विश्वास आहे की नाही, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. पण ज्यांचा आहे, त्यांनी तरी विचार करावा. जन्मवेळ ही मनुष्याच्या हातची नाही, म्हणूनच तिच्यावरून काही वाचता येते असे ते शास्त्र मानते. ती वेळ आपणच ठरवू लागलो, तर परीक्षार्थ्याने स्वतःच गुण लिहून उत्तरपत्रिका परत करण्यासारखे ते झाले.

या शस्त्रक्रियेचे नाव रोमच्या सीझरवरून पडले, असे पुष्कळजण सांगतात. तिच्या योगे तो जन्मला ही कथा मात्र खरी नसावी, कारण त्याची आई पुढे कित्येक वर्षे हयात होती, आणि त्या काळी पोट चिरलेली स्त्री वाचणे जवळजवळ अशक्य होते. आज ती वाचते, हा भूल देण्याच्या शास्त्राचा, निर्जंतुकीकरणाचा व रक्तपुरवठ्याचा उपकार आहे. वार खाली येऊन गर्भाची वाट अडवील, मूल आडवे असेल, नाळ आधी बाहेर येईल किंवा मुलाचे ठोके मंदावतील, अशा वेळी ही शस्त्रक्रिया म्हणजे दोन जिवांस मिळालेले अभयदान होय. आमच्या आजीच्या पिढीतील कितीतरी लेकी माहेरी बाळंतपणास आल्या त्या परत गेल्याच नाहीत. ते दिवस परत यावेत असे कोण म्हणेल?

पण औषध आणि आहार यांत भेद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यात 2015–16 साली शंभरांत 20 बाळंतपणे शस्त्रक्रियेने होत. 2019–21 च्या पाहणीत ते प्रमाण 25 वर गेले. संपूर्ण देशात सरकारी दवाखान्यांत ते 14, तर खाजगी दवाखान्यांत 47 आढळले. आता, खाजगी दवाखान्याची पायरी चढताच स्त्रीचे शरीर बदलते, असे तर कोणी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मत असे की, एखाद्या समाजात हे प्रमाण शंभरांत 10 च्या वर गेल्यानंतर माता व बालके यांचे मृत्यू त्यामुळे आणखी घटताना दिसत नाहीत. कारणावाचून 39 आठवड्यांपूर्वी काढलेल्या मुलास श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक. पुढील खेपेस वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोकाही प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वाढतो. हे मुहूर्त काढताना कोणी सांगत नाही.

दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे. रात्रभर कळा देणाऱ्या बाईजवळ बसून राहण्यास धीर लागतो, आणि तेवढा धीर नातलगांसही नसतो. सूनबाईच्या वेदनेची भीती खरी आहे. तिला हसणे हा निर्दयपणा होय. पण त्या वेदना कमी करण्याचे उपाय आज उपलब्ध आहेत आणि त्यांची चौकशी पंचांगाच्या आधी व्हावयास हवी.

अंबाजोगाईहून परतताना वाटेतल्या वस्त्यांत कुलपे दिसली. दारात म्हातारीकोतारी तेवढी बसलेली. मोटारवाला म्हणाला, “सगळे कारखान्याला गेलेत, ऊस तोडायला.” बीड जिल्ह्यातून दरवर्षी नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून उचल घेऊन जाते. एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापतो. मग विटाळाचे दिवस, पोटदुखी, पांढरे जाणे हे सारे परवडत नाही. आणि ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला सोपा वाटू लागतो. 2019 साली सरकारनेच विधिमंडळात सांगितले की, या एका जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतल्या पुष्कळ जणी पस्तिशीच्याही आतल्या. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या संमतीवाचून खाजगी दवाखान्यांनी ती करू नये, असा निर्बंध आला.

आम्ही वहिनींस हे सांगितले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या बिचाऱ्यांना खाड्याची भीती. आम्हांला कसली हो?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

घरी गेल्यावर सूनबाईनेच सासूबाईंस स्पष्ट सांगितले की, डॉक्टर म्हणतील तोवर मी थांबणार. गुरुजींनी काढलेला दिवस आला आणि गेला. पुढे कळा आपोआप सुरू झाल्या. चौदा तासांनी मुलाचे ठोके मंदावू लागले, तेव्हा रात्री अडीचला शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या घटकेस पंचांग कोणालाच आठवले नाही. दुसऱ्या दिवशी उघडले, तो मूळ नक्षत्र निघाले! शांतीचे बोलावणे काल आम्हांस आले असून, सोबत वहिनींनी सामानाची यादीही धाडली आहे.